वायफाय गेलं म्हणून लगेच दुकान गाठू नकोस

अगं, "वायफाय कार्ड गेलंय, उद्या सकाळी स्टेशनजवळच्या दुकानात टाकते आणि तशीच लोकल पकडते" हा तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं, हिला आधी थांबवायला हवं. कार्ड गेलंय हे ठरवलं कुणी? लॅपटॉप दुकानात टाकायला माझी ना नाही, पण काय बिघडलंय हे माहीत नसताना टाकू नकोस. काउंटरवर "वायफाय चालत नाही, बघा ना जरा" म्हणणारी एक आणि "कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसत नाही, ब्लूटूथही गेलंय, कंपनीचा ड्रायव्हर टाकून झालाय" म्हणणारी एक, या दोघींना तोच माणूस वेगवेगळी बिलं सांगू शकतो. मला तुला दुसरीच्या जागी बघायचंय. त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही. एक संध्याकाळ, एक कागद आणि फोनची केबल एवढं पुरतं.

नियम एकच पाळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, मगच पुढची. राउटर बंद-चालू केला, ड्रायव्हर बदलला, पासवर्डही नवा टाकला आणि वायफाय आलं, तर ते कशानं आलं हे तुला कधीच कळणार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तर आधी बघ, नेमकं होतंय काय. "वायफाय चालत नाही" असं आपण म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात. पहिली: लॅपटॉपमध्ये वायफायचं बटणच दिसत नाही, जवळपासच्या नावांची यादीही नाही. दुसरी: यादी दिसते, पण आपल्या घरचं नाव तिच्यात नाही, किंवा पासवर्ड देऊनही जोडलं जात नाही. तिसरी: जोडलं जातं, पण मधेच तुटतं किंवा नेट रांगत चालतं. पहिलीत संशय कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर. दुसरीत आधी राउटरकडे बघायचं. तिसरी सगळ्यात चिवट, तिच्यात कुणीही गुन्हेगार निघू शकतो. यातली तुझी कुठली, ते कागदावर सगळ्यात वर लिही.

मग फोन घे. लॅपटॉप जिथे आहे तिथेच, त्याच टेबलावर ठेव, मोबाइल डेटा बंद कर आणि घरच्या वायफायवर काहीतरी उघडून बघ. फोनवरही चालत नसेल तर लॅपटॉप सोड, केबलवाल्याला फोन लाव. फोनवर चालत असेल तर आता फोनचा हॉटस्पॉट चालू कर आणि लॅपटॉप त्याला जोड. जोडला गेला तर कार्ड जिवंत आहे. त्याचं तुमच्या घरच्या राउटरशी काहीतरी जमत नाहीये, एवढंच. हॉटस्पॉटही दिसला नाही, तर फोन केबलनं लॅपटॉपला लाव आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. आता नेट केबलमधून येतंय, कार्ड त्या वाटेत नाही. असं नेट सुरळीत चाललं, तर विंडोजचा बाकीचा कारभार ठीक आहे आणि शोध कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि ॲंटेना या तिघांपुरताच उरला. शिवाय उद्याच्या कामापुरती नेटची सोय झाली, त्यामुळे सकाळी घाईघाईत लॅपटॉप कुणाच्या हातात द्यायची गरजही उरली नाही. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार लांबून ओळखतो.

आता तुमच्या कोपर स्टेशनच्या परिसराचं. खालून मेन लाइन, वरून दिवा-वसई. दोन्हीकडून गाड्या जातात, म्हणून शेजारच्या काकांनी तुला सांगितलं की रेल्वेच्या तारांमुळे वायफाय मरतं. त्यांना दुखवू नकोस, पण त्यावर विसंबूही नकोस. त्या तारांत २५,००० व्होल्ट आहेत खरे, पण तो प्रवाह सेकंदाला ५० वेळा हेलकावतो. वायफायची लहर सेकंदाला २४० कोटी वेळा. दोघांच्या वाटाच वेगळ्या. तरीही गाडी गेली की तुटतं असं वाटतच असेल, तर संध्याकाळी तासभर गाड्यांच्या वेळा आणि नेट तुटल्याच्या वेळा शेजारी-शेजारी लिही. कागद खोटं बोलत नाही.

खरी अडचण आहे ती खिडकीला खिडकी लागलेल्या इमारतींची. तुझ्या फोनवर वायफायची यादी उघडून बघ, मजल्यावरचे, समोरच्या विंगमधले, खालच्या दुकानाचे, सगळे राउटर त्यात दिसतील. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे म्हणून साधारण १, ६ आणि ११ एवढेच वापरतात. म्हणजे अख्खी सोसायटी तीन जागांसाठी भांडतेय. ही भांडणं रात्री नऊनंतर, सगळे घरी आल्यावर जोरात होतात. तुझं नेट दुपारी छान आणि रात्री रडत असेल, तर कार्डाला दोष देऊ नकोस. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर तो वापर. तिथे चॅनेल बरेच जास्त आहेत, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं त्यातला मोठा भाग परवान्याविना वापरायला मोकळाही केला. त्याची खोट एवढीच की तो भिंतींपुढे लवकर दमतो. राउटर हॉलमध्ये आणि तू आतल्या खोलीत, मधे दोन भिंती आणि लोखंडी कपाट, असं असेल तर पाच गिगाहर्ट्झ तुझ्यापर्यंत धड पोचणार नाही.

इथे एक गंमत सांगते, हिच्यामुळे कित्येक चांगली कार्डं बदनाम होतात. राउटर कधी कधी स्वतःहून चॅनेल १२ किंवा १३ वर जाऊन बसतो. काही लॅपटॉपची कार्डं अमेरिकेच्या नियमांवर लावलेली असतात, आणि तिथे सहसा ११ पर्यंतच वापरतात, त्यामुळे त्यांना हे वरचे चॅनेल दिसतच नाहीत. मग घरचं नाव फोनवर दिसतं, लॅपटॉपवर नाही, आणि कार्ड मात्र ठणठणीत. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ कर, पुन्हा बघ. तसंच नव्या राउटरवर सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ ठेवलेला असेल तर जुनी कार्डं पासवर्ड बरोबर असूनही दारातच अडतात. तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालतील असा पर्याय असतो, तो निवड.

टेबलावरही नजर टाक. लॅपटॉपला यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क किंवा हब लावलेला आहे का? त्यातून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये पसरतो. इंटेलनंच २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं. ते काढून ठेवून बघ. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे आईनं पापड भाजायला लावले की नेट अडखळतं ही तक्रार खरी असू शकते.

हे सगळं करून तक्रार तशीच राहिली तर लॅपटॉपच्या आत शिरू. अजून पेचकस नको, फक्त कीबोर्ड. आधी विमानाच्या चित्राचं बटण बघ. एफएन धरून वरच्या रांगेतली चुकीची कळ दाबली गेली की एअरप्लेन मोड चालू होतो. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचा सरकता स्विचही असायचा. मग लॅपटॉप रीस्टार्ट कर. बंद करून चालू नव्हे, रीस्टार्टच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर ते पूर्ण बंद होत नाही. गाभा झोपवून ठेवतं आणि तोच पुन्हा उठवतं, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. त्यानंतरही नाही आलं, तर लॅपटॉप बंद कर, चार्जर काढ आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धर. आत साठलेली वीज निघून जाते आणि हरवलेलं कार्ड कधी कधी आपसूक परत येतं. जादू नाही ती. अडकलेला भाग पूर्ण वीज गेल्यावर नव्यानं सुरू होतो, बस.

आता डिव्हाइस मॅनेजर उघड. स्टार्टवर उजवं बटण दाबलंस की यादीत मिळेल. त्यात 'नेटवर्क ॲडाप्टर्स' खाली इंटेल, रिअलटेक, क्वालकॉम किंवा मीडियाटेक असं नाव आणि पुढे वायफाय किंवा वायरलेस लिहिलेलं दिसायला हवं. त्या नावात एसी किंवा एएक्स अशी अक्षरं असतील तर त्याला ५ गिगाहर्ट्झ समजतं. नाव आहे पण त्यावर पिवळं त्रिकोणी चिन्ह आहे, तर त्यावर दोनदा क्लिक करून आतला कोड लिहून घे. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही, कोड ४३ म्हणजे उपकरणानंच अडचण कळवली म्हणून विंडोजनं ते थांबवलं. दोन्ही ठिकाणी आधी ड्रायव्हर, मग कार्ड. नावच नसेल तर वरच्या 'व्ह्यू' मधून लपलेली उपकरणं दाखवायला सांग. फिकट अक्षरांत नाव आलं आणि कोड ४५ दिसला, तर विंडोजला हे कार्ड पूर्वी माहीत होतं, आता सापडत नाही.

इथेच ब्लूटूथकडे बघ, फार बोलकी खूण आहे ती. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, पण मदरबोर्डशी वेगवेगळ्या मार्गांनी बोलतात. दोन्ही एकदम गायब झाले, तर कार्ड निसटलंय किंवा गेलंय हा संशय पक्का होतो. ब्लूटूथ छान चालतंय आणि फक्त वायफाय नाही, तर आधी ड्रायव्हर किंवा सेटिंगवर डोळा ठेव.

ड्रायव्हरचं काम फोनच्या केबलवरून आलेल्या नेटनं कर. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुझ्या मॉडेलचं पान शोध आणि तिथलाच ड्रायव्हर घे. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं लॅपटॉपमध्ये घेऊ नकोस, ती सोबत काय काय आणतील याचा नेम नाही. बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर दोनदा क्लिक कर, तिथे ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक' असतं, ते मागचा ड्रायव्हर परत आणतं. अपडेटनं वायफाय जाणं ही अफवा नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटनंतर काही लॅपटॉप कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या वायफायला जोडले जाईनात, आणि मायक्रोसॉफ्टनं ते मान्य करून दुरुस्तीही दिली. त्या दिवसांत कुणी कार्ड बदलून घेतलं असेल तर पैसे वाया गेले. मग कार्डाच्या त्याच खिडकीत 'पॉवर मॅनेजमेंट' हा भाग असेल तर तिथली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून टाक. लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच वायफाय जात असेल तर बहुतेकदा दोष तिथेच सापडतो. शेवटचा उपाय 'नेटवर्क रिसेट'. तो करण्याआधी घरच्या आणि ऑफिसच्या वायफायचे पासवर्ड लिहून ठेव, कारण ते सगळे विसरले जातात. विंडोजला गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी तुटलं, का तुटलं, याचा अहवालही काढता येतो. त्याची कमांड व्हॉट्सॲपवर पाठवते, तशीच चिकटव.

आणि तरीही खात्री हवी असेल, तर एक शेवटची चाचणी आहे, ती मला फार आवडते. ऑफिसचा लॅपटॉप नाहीये ना तुझा? मग पेनड्राइव्हवर उबुंटू टाक, त्यावरून लॅपटॉप सुरू कर आणि 'इन्स्टॉल न करता वापरून बघा' हा पर्याय घे. डिस्कवरचं काहीही बदलत नाही. तिथे वायफायची यादी आली, तर कार्ड निर्दोष, दोष विंडोजचा. तिथेही कार्डाचा मागमूस नसला, तर आता कार्डाला नाव ठेवायचा तुला हक्क आहे.

मग ते उघडायचं का? आधी वॉरंटी बघ. लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकलास की तारीख कळते. वॉरंटी असेल तर एकही स्क्रू फिरवू नकोस, कंपनीच्या सेवा केंद्राकडे तक्रार नोंदव आणि तुझा कागद त्यांना वाचून दाखव. वॉरंटी संपली असेल आणि हात शिवशिवत असतील, तर ऐक.

वायफाय कार्ड म्हणजे अगदी एवढीशी हिरवी-चंदेरी पट्टी. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असते, एका टोकाला खाचेत खोचलेली, दुसऱ्या टोकाला एकच स्क्रू. तिच्या डोक्यावर दोन बारीक वायरी टोचलेल्या असतात, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी. या वायरी बिजागरीतून वर चढतात आणि स्क्रीनच्या कडेला असलेल्या ॲंटेनांना मिळतात. म्हणून झाकण कमी-जास्त कलतं केल्यावर सिग्नल वर-खाली होत असेल, तर कार्ड ठीक असून बिजागरीत वायर चिमटली गेली असण्याची शक्यता जास्त. लॅपटॉप पूर्वी कधी उघडला गेला असेल, बॅटरी किंवा रॅम बदलायला, आणि तेव्हापासून राउटरपासून चार पावलांवरच सिग्नल जातोय, तर एखादी वायर नीट बसवलेलीच नाही असं समज.

उघडण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर. कागदावर लॅपटॉपच्या पोटाचं चित्र काढ आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीनं लाव, कारण सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डला इजा करतो. झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडव. हात एकदा नळाला किंवा लोखंडी खिडकीला लाव, अंगावरची स्थिर वीज उतरते. फोटो काढ. वायर कुठली कुठे होती, ते दिसायला हवं. त्या वायरींची टोकं ब्लाउजच्या टिचबटणांसारखी असतात, सरळ वर उचलायची, कडेनं ओढायची नाहीत. पुन्हा बसवताना बरोबर वर धरून हलकेच दाबायचं, टिक् असं जाणवतं. ती फार वेळा काढ-घाल करायला बनलेली नाहीत, उगाच खेळत बसू नकोस.

स्क्रू काढलास की कार्ड थोडं वर उचललं जातं. बाहेर काढ, त्याच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडानं पुस, वाळू दे, परत खाचेत नीट बसव. खाडी जवळ, त्यात पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत अशी हवा, संपर्क बिघडायला एवढं कारण पुरेसं असतं. कित्येकदा एवढ्यानंच कार्ड परत दिसायला लागतं. आणि लॅपटॉप तांदळाच्या डब्यात वगैरे ठेवू नकोस हं. त्याचा उपयोग नाही आणि पिठूळ धूळ मात्र आत जाते.

नाहीच आलं, तर नवं कार्ड. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. कार्डावरच्या स्टिकरचा फोटो घे आणि शक्यतो तोच नंबर माग. इंटेलची एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही कार्डं अर्धं काम प्रोसेसरवर टाकतात, त्यामुळे ती ठरावीक इंटेल लॅपटॉपमध्येच चालतात, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये नाही. एएक्स २०० आणि एएक्स २१० मात्र स्वतःचं काम स्वतः करतात, म्हणून जास्त ठिकाणी बसतात. दिसायला चारही जुळ्या बहिणी. जुन्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस प्रकारची मोठी कार्डं असतात आणि त्यांच्या वायरींची टोकंही मोठी. एचपी, लेनोवोच्या काही जुन्या मॉडेलमध्ये तर बायोस फक्त कंपनीनं मान्य केलेलंच कार्ड स्वीकारतो, दुसरं घातलं तर लॅपटॉप पुढेच जात नाही. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डलाच जोडलेलं असतं, ते काढताच येत नाही.

तसं असेल किंवा तुला उघडायचंच नसेल, तर यूएसबीला लावायचं छोटं वायफाय ॲडाप्टर घे. पाचशे ते हजारात काम होतं, आणि घेताना ५ गिगाहर्ट्झ चालणारं घे, नाहीतर त्याच गर्दीत परत. डोंबिवलीत मिळेल. आख्ख्या बाजारात फिरून घ्यायचं असेल तर रविवार सोडून लॅमिंग्टन रोड. कोपरहून दादर, तिथून वेस्टर्ननं ग्रँट रोड, पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं दिसेल. जुन्या कार्डाचा फोटो फोनमध्ये असू दे.

आता दुकानाचं. हे मी आईसमोर बोलले नसते, म्हणून लिहितेय. लॅपटॉपमध्ये तुझे फोटो आहेत, चॅट आहेत, पगाराची पत्रं आहेत. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम साधा बिघाड केलेले लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत दिले आणि आत काय उघडलं जातंय याची गुपचूप नोंद ठेवली. २०२२ मध्ये ते निष्कर्ष बाहेर आले. काही दुकानांत कारागिरांनी खासगी फोटो उघडून बघितले, काहींनी तर उतरवूनही घेतले, आणि लॅपटॉप बाईचा असेल तर हे जास्त घडलं. आपल्याकडचे सगळे दुकानदार असे नाहीत, बहुतेक चांगलेच आहेत. पण "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे" असं म्हणून मोकळी होऊ नकोस.

म्हणून वायफाय कार्डाच्या कामासाठी पासवर्ड द्यायचाच नाही. मागितला तर सांग, लॉगिनच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात नेटवर्कचं चिन्ह असतं, तिथून वायफाय जोडून दाखवा. पासवर्डशिवाय तेवढं दिसतं. जाण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढ, ब्राउझरमधल्या खात्यांतून बाहेर पड, फोनमधून 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप बंद कर. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच उतरवून घरी ठेव, बायोस बदलला की विंडोज ती मागू शकतं. कार्ड बदलायला फार वेळ लागत नाही, शक्य असेल तर समोरच थांब. ठेवूनच जावं लागलं तर पावतीवर सिरियल नंबर, बिघाड आणि अंदाजे खर्च लिहून घे आणि जुनं कार्ड परत माग. ते तुझं आहे. "मॅडम, मदरबोर्ड गेलाय" असं ऐकलंस, तर शांतपणे विचार, कशावरून? दुसरं कार्ड लावून बघितलं का? यूएसबीवरून नेट चालतंय, मग बोर्ड कसा गेला? उत्तर नीट आलं तर विश्वास ठेव. बोर्डही जातो कधी कधी, त्यात काही पाप नाही. उत्तराऐवजी "तुम्हाला नाही कळणार" असं आलं, तर लॅपटॉप उचल आणि बाहेर पड.

फसवणूक झालीच, तर दुःख करत बसायचं नाही. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, सुटे भाग आणि सेवेची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी म्हणून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्तीतली हयगय ही सेवेतली त्रुटी ठरू शकते, ठाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि तू मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. कुणी खासगी माहिती काढून घेतल्याचं कळलं, तर ती माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्ह्याची बाब आहे, सायबर पोलिसांकडे जायचं. लाजायचं त्यानं, तू नाही.

दादा शनिवारी येणार आहे, तो बघेल, असंही तू लिहिलंयस. येऊ दे की. त्याला चहा दे, गप्पा मार. पण लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवून तू स्वयंपाकघरात जाऊ नकोस. आपल्या घरात यंत्र बिघडलं की मुलीच्या हातातून ते आपोआप दुसऱ्याच्या हातात जातं, आणि पुढच्या वेळी तीच मुलगी पुन्हा "मला काय कळतंय" म्हणते. पगार तुझा, काम तुझं, लॅपटॉप तुझा. त्यात काय बिघडलं, हेही तुलाच आधी कळायला हवं. दादाला वाटलं तर दिवा धरायला सांग.

आज रात्री एवढंच कर: तक्रार तीनपैकी कुठली ते लिही, फोन, हॉटस्पॉट आणि केबल या तीन चाचण्या कर, डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव आणि कोड लिही, ब्लूटूथ चालतंय का बघ. पेचकसाला हात लावू नकोस. झोपायच्या आधी त्या कागदाचा फोटो मला पाठव. कार्ड गेलं का, हे उद्या आपण दोघी ठरवू.

तुझी,
ताई